जाड माणसाची जागा

गाद्यांच्या दुकानात लोक झोप विकत घ्यायला येतात, आणि विकत घ्यायच्या वस्तूवर कुणाचाच सहजासहजी विश्वास बसत नाही. म्हणून त्या दुकानाच्या मालकाने एक पुरावा नोकरीला ठेवला होता. पुरावा सकाळी सर्वांच्या आधी येई, काचा पुसे, पलंगांवरच्या चादरी ताणून खोची, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा एका विशिष्ट लाकडी पेटीवर बसे, कारण दुकानातल्या खुर्च्यांवर त्याचा भरवसा नव्हता. त्याला सगळे 'डबल' म्हणत. हे नाव त्याला शिलाई विभागातल्या कारागिराने दिले होते आणि पलंगांच्या मापांवरून ते सुचले होते. डबलने ते विनातक्रार स्वीकारले. जाड माणसाला टोपणनाव नाकारायचा अधिकार असतो, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

दुकानाच्या मधोमध एक रुंद पलंग होता आणि त्यावर सर्वांत महाग गादी. नवरा-बायको आले की मालक काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला गादीच्या एका कडेला ठेवी आणि हाक मारी, "डबल, ये रे. साहेबांना दाखव." डबल बूट काढून दुसऱ्या कडेला टेके, एक कोपर मागे रोवी, मग दुसरे, आणि सावकाश आडवा होई. गिऱ्हाइकांचे डोळे पेल्यावर खिळत. पाणी हलत नसे.

"बघा," मालक म्हणे, "हत्ती झोपला तरी शेजारच्याला पत्ता नाही!"

सगळे हसत. डबल त्यांच्या आधी हसे. एखादी बाई नवऱ्याकडे वळून म्हणे, "तुमच्यापेक्षा हे परवडले. निदान घोरत तरी नाहीत." मग आणखी हशा होई, आणि हशात बिल फाटे.

या प्रयोगातली खरी कारागिरी त्या दोन कोपरांत होती. डबल स्वतःचे सगळे वजन एकाएकी गादीवर सोडतच नसे. ते तो हप्त्याहप्त्याने देई. पण गिऱ्हाइकांच्या नजरेला कोपर दिसत नसे. जाड माणसाकडे पाहताना माणसे जाडीच पाहतात. त्याचे हात, त्याची सावधगिरी, त्याचे कसब हे सारे त्यांच्या हिशेबी त्या मांसाच्या मागे कुठेतरी पडलेले असते. मालकाचा धंदा समाजाच्या या आंधळेपणावर उभा होता आणि मालकाला ते ठाऊक होते, एवढेच त्याच्या बुद्धीबद्दल म्हणता येईल.

घरी डबलचा थोरला भाऊ आठवड्यातून एकदा येऊन उपदेश करी. थोरला जन्मतःच काटक. त्याने कधी घास मोजला नव्हता की पाऊल. पण आपल्या बरगड्यांना तो चारित्र्य समजत असे. "अरे, तोंडाला कुलूप लावलं की झालं. मला बघ." हे सांगताना तो डबलच्याच घरी तिसऱ्यांदा वाढून घेत असे. आई त्याची री ओढी. "लहानपणी याचे गाल ओढायला शेजारपाजारच्या बायका रांग लावायच्या. आता मी याला सोबत नेलं की माझ्याकडेच कीव करून बघतात." बायको कपडे इस्त्री करण्याच्या दुकानात काम करी. ती काही बोलत नसे. तिने एकदाच म्हटले होते, "तुम्ही बरे आहात की नाही, ते डॉक्टरला विचारा. दादांना कशाला विचारता?" तिच्या या वाक्याकडे कुणी लक्ष दिले नाही.

मालकाने शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी शाखा काढायचे ठरवले आणि डबलला आत बोलावले.

"तिथं व्यवस्थापक लागणार. अनुभवानं तुझाच हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुझा टाय पोटावर आडवा पडतो रे! दारात उभा राहणारा माणूस बघितल्यावर गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, यानं आयुष्यात काहीतरी आवरलंय. उतर जरा. जागा तुझी."

ज्याच्या जाडीवर आपण पोट भरले त्यालाच जाडीबद्दल नापास करताना मालकाला काहीही विसंगत वाटले नाही. डबललाही वाटले नाही. त्याला व्यवस्थापकाची काचेची खोली दिसली, खोलीत हातांची खुर्ची दिसली, आणि आपल्याला 'साहेब' म्हणणारा कुणीतरी दिसला. त्या दिवसापासून त्याला ती जागा हवी होती. बाकी सगळे त्या जागेसाठी होते.

उपास, चालणे आणि पावडरी यांचे व्हायचे ते झाल्यावर तो शस्त्रक्रिया करणाऱ्या दवाखान्यात गेला. तिथल्या भिंतीवर माणसांच्या जोडतसबिरी लावलेल्या होत्या: आधीच्या आणि नंतरच्या. आधीच्या तसबिरींत माणसे अंधुक उजेडात, ओठ लोंबते सोडून उभी. नंतरच्यांत लख्ख उजेड आणि दात. शस्त्रक्रिया जणू दिव्यांवरही झाली होती. समुपदेशन करणारी तरुण बाई म्हणाली, "हा तुमचा नवा जन्म समजा. आरशातल्या माणसाशी मैत्री करा." डबलने मान हलवली. त्याला आरशातल्या माणसाशी देणेघेणे नव्हते; त्याला काचेच्या खोलीत बसायचे होते.

त्या इमारतीत एकच माणूस खरे बोलला, तो शल्यविशारद. "तुमची साखर उतरेल, गुडघे सुटतील, आयुष्य बहुधा वाढेल. मी जठराचा मोठा भाग काढणार. माझं काम तिथं संपतं. लोक तुमच्याकडे कसे बघतील आणि तुम्ही स्वतःकडे कसे बघाल, ते माझ्या सुरीच्या टप्प्यात नाही." हे वाक्य डबलने ऐकले आणि सोडून दिले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली, हे इथे स्वच्छ सांगितले पाहिजे. चमच्याचमच्याने सूप, मग मऊ अन्न, मग वाटीभर जेवण असे करत तो उतरत गेला. औषधाच्या गोळ्या कमी झाल्या. जिना चढताना त्याला बोलता येऊ लागले. काही दिवस केसांचे पुंजके उशीवर राहिले, मग तेही थांबले. शरीराने आपला भाग प्रामाणिकपणे पार पाडला. अप्रामाणिक राहिले ते बाकीचे.

जी आई कीव सोसत होती ती म्हणू लागली, "किती रे वाळलास! चेहरा पार उतरला. लोक मला विचारतात, याला काही मोठं दुखणं तर नाही ना?" थोरल्याचे दुःख वेगळे होते. उपदेश करायला त्याला आता माणूस उरला नव्हता. "कापून काढल्यावर कोण उतरणार नाही? घाम गाळून उतरला असतास तर मानलं असतं."

"दादा, तू कधी गाळलास घाम?" डबलने विचारले.

"मला गरज पडली का?" थोरला म्हणाला, आणि आपण वाद जिंकला असे त्याला प्रामाणिकपणे वाटले.

डबलच्या अंगावरची कातडी मात्र इतक्या लवकर आटली नव्हती. पोटावरची घडी तो विजारीच्या पट्ट्यात आत सारी, पलंगाची चादर गादीखाली खोचावी तशी. आंघोळीला जाताना तो दाराची कडी दोनदा तपासे. बायको एकदा म्हणाली, "माझ्यापासून काय लपवता? मी आधीचं बघितलं नाही का?" तो म्हणाला, "आधीचं भरलेलं होतं."

दारातून जाताना तो अजूनही अंग तिरपे करी. उद्वाहनात शिरताना आतल्यांना "माफ करा हं" म्हणे आणि भिंतीला चिकटे. आतली माणसे रिकाम्या जागेकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत. आरशात त्याला पूर्वीचाच माणूस दिसे, फक्त सैल कपड्यांतला. त्याचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. दुकानात एक फोमची गादी होती. तिच्यावर झोपून उठले की अंगाचा खळगा थोडा वेळ तसाच राही. दुपारी दुकान रिकामे असताना तो त्या गादीवर पडे, उठे, आणि खळग्याकडे वाकून पाही. खळगा उथळ आणि अरुंद असे. तो भरून येईपर्यंत, तेवढा वेळ, त्याला पटे की आपण बारीक झालो आहोत. मग गादी सपाट होई आणि तो पुन्हा जाड होई. ज्याला स्वतःचे शरीर पाहण्यासाठी विक्रीच्या मालाची साक्ष काढावी लागते त्या माणसाची कीव यायला हवी. पण पुढे तो जसा वागला त्यामुळे ती सोय त्याने आपल्याला ठेवली नाही.

कामावर परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक जोडपे आले. मालकाने सवयीने पेला ठेवला, सवयीने हाक मारली. डबलने सवयीने कोपर रोवले आणि सावकाश आडवा झाला. पाणी हलले नाही.

"यात काय मोठंसं?" गिऱ्हाईक म्हणाला. "हा गडी कागदासारखा. आणि टेकतोय किती जपून! अहो, नीट आदळा की!"

जे कोपर इतकी वर्षे कुणाला दिसले नव्हते ते एकाएकी साऱ्या दुकानाला दिसले. डबलच्या तोंडात मारल्यासारखे झाले. तो उठला, दोन पावले मागे गेला आणि धाडकन गादीवर पडला. पेला उलटला. पाणी गादीवरून वाहत बाईच्या पर्समध्ये गेले. बाई किंचाळली. शिलाईचा कारागीर आतून ओरडला, "सिंगल झाला तरी माप चुकतंच का रे?"

जोडपे काही न घेता गेले. पुढची दोन-तीन जोडपीही तशीच गेली. मालकाने डबलला आत बोलावले, पण या वेळी बसायला सांगितले नाही.

"नव्या शाखेचं बघू. आधी ही विक्री सावर. तू उतरलास आणि धंदाही उतरला."

"मालक, तुम्हीच म्हणालात, उतर म्हणून."

"मी टायबद्दल बोललो होतो. पेल्याबद्दल नाही."

आणि मग मालकाने उपाय काढला. शिलाईच्या कारागिराकडून त्याने एक जाड बंडी शिवून घेतली आणि तिच्या कप्प्यांत वाळू भरली. पोटाला मोठा कप्पा, पाठीला दोन, काखेखाली छोटे. डबलने ती सदऱ्याच्या आत घालायची, वर जुना सदरा. कारागीर टाके घालताना म्हणाला, "कापून काढायला डॉक्टर, शिवून लावायला मी. देवानं उगाच मधे कष्ट घेतले." डबल हसला. त्याने बंडी घातली.

त्याने ती घातली, हे दोनदा सांगण्यासारखे आहे. तो नाही म्हणू शकला असता. दुसरे काम शोधू शकला असता. त्याला गाद्यांची पारख होती, हिशेब येत होता. पण त्याला ती काचेची खोली हवी होती. सुटलेल्या गुडघ्यांवर तो वाळूचे ओझे चढवून प्रयोग करू लागला. मालकाने पुन्हा हत्ती काढला, गिऱ्हाइके पुन्हा हसली, विक्री सावरली. गंमत अशी की बंडी घातलेली असताना तो दारातून अंग तिरपे करून जाई ते त्याला बरोबर वाटे. संध्याकाळी बंडी उतरवली की त्याला उघडे पडल्यासारखे होई. एकदा तो ती तशीच घालून घरी गेला. बायकोने दार उघडले, क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "हे काय सोंग? काढा ते आधी." त्याने ती काढली आणि दाराआड ठेवली.

नंतर तो स्वतः मालकाकडे गेला. हा त्याच्या आयुष्यातला पहिला धाडसी विचार, आणि तो असा होता: "मालक, बंडीनं किती दिवस चालणार? कुणी हात लावला तर कळेल. त्यापेक्षा माझ्या जागी दुसरा जाडा आणू. मी शोधतो, मी शिकवतो. मग मला तिकडे पाठवा."

मालकाने त्याच्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिले. "आता व्यवस्थापकासारखा बोललास."

माणसे पाहायला बोलावली. आधी एक निवृत्त पैलवान आला. त्याचा देह प्रचंड होता, पण तो पलंगाकडे बघून म्हणाला, "मी झोपणार आणि लोक हसणार? माझ्यावर?" आणि चहा न पिता गेला. मालकाला हळहळ वाटली नाही. पैलवानाच्या जाडीला मान होता. दुकानाला हसण्याजोगी जाडी हवी होती. दुसरा मालकाने दारातच नापास केला. "कमी आहे रे हा, कमी आहे!" भाजीच्या टोपलीवर नाक मुरडावे तसे तो बोलला, आणि डबलने शेजारी उभे राहून होकार दिला.

तिसरा पूर्वी शाळेची बस चालवत असे. पोट चाकाला लागते म्हणून शाळेने त्याला काढले होते. शांत, मऊ बोलणारा माणूस. पाहताक्षणी कुणालाही हसू यावे असा गोल. त्याला घेतले. दुकान त्याला 'ड्रायव्हर' म्हणू लागले. होणाऱ्या साहेबाचे जुने माप या नव्या माणसाला सांगायचे नाही, अशी मालकाने दुकानाला ताकीद दिली होती.

डबलने त्याला मन लावून शिकवले. कोपर कसे रोवायचे, श्वास कधी सोडायचा, बूट काढताना वाकावे लागते तेव्हा धाप कशी लपवायची.

"आणि मालक हत्ती म्हणाले की आधी तू हसायचं," डबल म्हणाला. "सगळ्यांच्या आधी. मागून हसलास तर मनाला लागलं असं दिसतं."

"लागतं का पण?" ड्रायव्हरने विचारले. मग डबलच्या बारीक अंगाकडे पाहून स्वतःच म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत असणार म्हणा!"

इथे डबल एक वाक्य बोलू शकला असता. तो म्हणाला, "सवय होते म्हणतात."

नवी शाखा उघडली. डबल काचेच्या खोलीत बसला. टाय सरळ पडत होता. प्रयोगासाठी ड्रायव्हर आता नव्या शाखेत असे, कारण नव्या जागेला गिऱ्हाईक ओढायचे होते, आणि मालकाने स्पष्टच सांगितले होते, "ही शाखा ड्रायव्हरच्या पाठीवर आहे. तो आहे तोवर तू आहेस." तिथल्या नोकरांना डबलने आपली वेगळीच कथा सांगितली होती: पहाटे उठणे, शिस्त, तोंडावर ताबा. थोरल्या भावाची सगळी वाक्ये त्याला पाठ होती. ती इतकी वर्षे ऐकून घेतल्याचा असा उपयोग झाला. नोकर त्याला मान देत आणि ड्रायव्हरला टपल्या मारत. ड्रायव्हर पेल्यासमोर आडवा होई तेव्हा डबल काचेकडे पाठ फिरवी. असे का, हे त्याने तपासले नाही. त्याला त्या माणसाचा राग येई एवढे खरे. त्याचे खाणे, त्याची धाप, खुर्चीवर बसण्याआधी तिला हाताने दाबून पाहण्याची त्याची सवय, सगळ्याचा राग. नव्या साहेबाने त्याला एकदा सगळ्यांदेखत म्हटलेही, "अरे, माणसासारखा बस जरा!"

पलंगांच्या चादरी इस्त्रीला डबलच्या बायकोच्याच दुकानात जात आणि त्या पोचवायला ड्रायव्हर जाई. एक दिवस तो तिथून परतला आणि काच वाजवून आत आला.

"साहेब, बोलायचं होतं जरा."

"बोल. उभा का?"

"ही खुर्ची..." तो म्हणाला, आणि उभाच राहिला. "रात्री झोपेत माझा श्वास अडकतो, साहेब. बायको जागी राहून हलवते मला. डॉक्टर म्हणाले, वजन उतरव, नाहीतर एक दिवस उठायचा नाहीस. मी वहिनींना सहज सांगितलं. तर त्या म्हणाल्या, आमच्या यांनी शस्त्रक्रिया केली, त्यांनाच विचारा. मला खरंच वाटेना. तुम्ही माझ्यासारखे होतात?"

डबलने काचेतून बाहेर पाहिले. बाहेरच्यांना ऐकू जात नव्हते.

"तिनं कुणाकुणाला सांगितलंय?"

"मलाच. मी नाही बोलणार कुठं. मला फक्त दवाखान्याचा पत्ता द्या. आणि थोडी रजा."

समोरचा माणूस काय मागतो आहे हे डबलइतके त्या शहरात दुसऱ्या कुणाला कळले नसते. आणि तो माणूस उतरला तर या खोलीचे काय होईल हेही त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला कळले नसते. दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी कळल्या. निवडायला त्याला वेळ लागला नाही.

"बस," तो म्हणाला. "खुर्ची मजबूत आहे. बस." ड्रायव्हर बसला. "हे बघ, तुला आपला समजून सांगतो. फार त्रास असतो रे त्यात. केस जातात. कातडी लोंबते, बायकोसमोर उभं राहवत नाही. घासभर खाल्लं की उलटी. आणि एवढं करून लोक म्हणतात, याला काय आजार झालाय. डॉक्टरांचं काय जातं घाबरवायला? उशी जरा उंच घे, बरं वाटेल." तो थांबला. मग त्याने आवाज मऊ केला. "आणि कशासाठी? लोकांच्या नजरेसाठी? अरे, तू आहेस तसाच छान आहेस. स्वतःला कमी लेखू नकोस."

यात जवळजवळ सगळे खरे होते. केस, कातडी, लोक, सगळे खरे. खोटे होते ते ज्यासाठी ते सांगितले गेले. आणि शेवटची दोन वाक्ये तर कुणाही माणसाला हक्काने मिळायला हवीत अशी. पण ज्याच्या तोंडून ती निघाली त्याने ती एका पगारी देहाला जागेवर ठेवण्यासाठी वापरली. मालकाने निदान हत्ती म्हणून पैसे कमावले. या माणसाने माया दाखवून कमावले.

ड्रायव्हरचे डोळे भरून आले होते.

"असं मला आजवर कुणी म्हटलं नाही, साहेब," तो म्हणाला. "घरच्यांनीसुद्धा नाही."

बाहेर एक जोडपे येऊन उभे होते. ड्रायव्हरने बाहीने तोंड पुसले, खुर्चीच्या हातांना धरून तो उठला, आणि जाता जाता त्याने व्यवस्थापकाला मनापासून नमस्कार केला. पत्ता त्याने पुन्हा कधी मागितला नाही.